युद्धविरोधी चित्र कसे पाहावे

युद्धाविरुद्ध काढलेली गाजलेली चित्रे आपल्यापर्यंत पोहोचतात ती त्यांच्या कीर्तीसह. पिकासोचे 'गेर्निका' थोर आहे, करड्या रंगात आहे आणि युद्धाचा निषेध करते, एवढे तर ते न पाहिलेला माणूसही सांगू शकतो. म्हणूनच मोबाइलच्या पडद्यावर ते समोर आले तरी नजर क्षणभर टेकते आणि पुढे सरकते. अशा चित्राने खरोखर अस्वस्थ व्हायचे असेल आणि त्या अस्वस्थतेचा राजकारणाशी काय संबंध आहे हे समजून घ्यायचे असेल, तर पाहण्याची थोडी शिस्त लागते. ही शिस्त दोन प्रश्नांभोवती बांधता येते. चित्र घडवताना कलावंताने काय वगळले, हा पहिला प्रश्न. आणि चित्र पुरे झाल्यावर सत्तेने ते कुठे झाकले, अडवले किंवा नष्ट केले, हा दुसरा. माझ्या अनुभवात चित्राचे भावनिक सामर्थ्य पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात सापडते आणि राजकीय सामर्थ्य दुसऱ्याच्या. दोहोंची गल्लत केली की एकतर भाबडेपणा पदरी पडतो, नाहीतर 'चित्र काढून युद्ध थोडेच थांबते' हा आळशी शहाणपणा.

आधी माप

चित्राकडे वळण्यापूर्वी त्याचे माप शोधून काढावे. छापील पानावर आणि पडद्यावर सगळी चित्रे एकाच आकाराची होऊन जातात, आणि युद्धचित्राच्या बाबतीत हे नुकसान मोठे असते. 'गेर्निका'ची उंची ३.४९ मीटर आणि लांबी ७.७७ मीटर आहे, म्हणजे सुमारे साडेअकरा फूट बाय साडेपंचवीस फूट. मुंबई-पुण्यातल्या नेहमीच्या फ्लॅटमध्ये ते उभेही राहणार नाही, कारण छतच आडवे येईल. शक्य असेल तर इमारतीच्या पार्किंगमधल्या भिंतीवर किंवा शाळेच्या मैदानावर एवढा आयत खडूने आखून त्यापासून चार पावलांवर उभे राहावे. दोन्ही टोके एका वेळी नजरेत येत नाहीत, मान वळवावी लागते, आणि चित्रातल्या आकृती आपल्याहून मोठ्या असणार हे चित्र समोर नसतानाही कळते.

याच्या उलट स्पॅनिश चित्रकार गोयाची 'युद्धाचे अनर्थ' ही मुद्राचित्रांची, म्हणजे पत्र्यावर कोरून कागदावर छापलेल्या चित्रांची, मालिका. १८०८ ते १८१४ या काळात नेपोलियनच्या फौजांशी स्पेनचे जे युद्ध झाले, त्याच्या अनुभवातून साधारण १८१० ते १८२० या दशकात कोरलेली ही चित्रे प्रत्येकी शाळेच्या वहीच्या पानाएवढी आहेत. ती हातात धरून, दिव्याजवळ नेऊन, एकट्याने पाहायची असतात. भिंतभर चित्रासमोर आपण इतरांबरोबर गर्दीत उभे असतो, तर वहीएवढ्या चित्रासमोर दुसरे कोणी नसते आणि नजर चुकवायलाही जागा नसते.

नाव विसरून मोजदाद

आता शीर्षक, वर्ष आणि प्रसंग बाजूला ठेवून चित्रात काय काय आहे याची यादी कागदावर लिहावी. अर्थ लावू नये, फक्त नोंद करावी. 'गेर्निका'ची अशी यादी डावीकडून सुरू केली तर ती साधारण पुढीलप्रमाणे होते. एक बैल, त्याच्या खाली मेलेले मूल मांडीवर घेऊन आभाळाकडे तोंड करून आक्रोश करणारी आई, जमिनीवर हात पसरून पडलेला सैनिक, ज्याच्या मुठीत मोडलेली तलवार आहे आणि मुठीजवळ एक लहानसे फूल, मधोमध भाल्याने विंधलेला, किंचाळणारा घोडा, त्याच्या डोक्यावर डोळ्याच्या आकारात जळणारा विजेचा दिवा, खिडकीतून आत झेपावणारी आणि हातात कंदील धरलेली बाई, पाय ओढत प्रकाशाकडे येणारी दुसरी बाई, उजव्या टोकाला जळत्या घरात दोन्ही हात वर केलेली तिसरी. बैल आणि घोडा यांच्यामध्ये, अंधारात जवळजवळ हरवलेला, एक पक्षीही आहे. तो बहुतेकांच्या यादीतून सुटतो, म्हणून मुद्दाम शोधावा.

यादी झाली की जवळ जावे. ज्या संग्रहालयात हे चित्र आहे, त्या माद्रिदच्या रेइना सोफिया संग्रहालयाने त्याचे अतिशय सूक्ष्म छायाचित्रण संकेतस्थळावर ठेवले आहे आणि त्यात रंगाच्या भेगांपर्यंत जाता येते. आईची जीभ आणि घोड्याची जीभ पाहावी: दोन्ही जिभा सुऱ्याच्या टोकासारख्या अणकुचीदार आहेत. आईचे डोळे अश्रूंच्या आकाराचे आहेत, पण मुलाच्या डोळ्यांत बुबुळच नाही. घोड्याच्या अंगावर बारीक उभ्या रेघांच्या ओळीच्या ओळी आहेत, छापील वर्तमानपत्राचा मजकूर दुरून दिसावा तशा. चित्राला ज्या गावाचे नाव आहे त्या गावावरच्या हल्ल्याची बातमी पॅरिसमध्ये राहणाऱ्या पिकासोला वर्तमानपत्रांतूनच कळली होती, हे माहीत झाल्यावर काळा, पांढरा आणि करडा एवढेच रंग का, याचे निदान एक कारण हाती लागते.

यानंतर दुसरी यादी करावी, जी पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे: काय नाही? २६ एप्रिल १९३७ रोजी, सोमवारी, बाजाराच्या दिवशी, स्पेनच्या यादवी युद्धात बंडखोर जनरल फ्रँकोच्या बाजूने लढणाऱ्या हिटलरच्या 'काँडोर लीजन' या हवाई पथकाने आणि मुसोलिनीच्या विमानांनी स्पेनच्या बास्क प्रदेशातल्या गेर्निका या गावावर बाँब टाकले. पण चित्रात विमान नाही, बाँब नाही, झेंडा नाही, शत्रू नाही, गावाची ओळख पटवणारी एकही खूण नाही. जखम आहे, पण जखम करणारा नाही.

हे वगळणे आपोआप झालेले नाही, आणि याचा पुरावा उपलब्ध आहे. पिकासोने पहिली रेखाटने १ मे रोजी केली आणि जूनच्या आरंभी चित्र संपवले. त्या दरम्यान छायाचित्रकार डोरा मार यांनी त्याच्या चित्रशाळेत कॅनव्हासच्या वेगवेगळ्या अवस्थांची छायाचित्रे घेतली. ती छायाचित्रे क्रमाने समोर मांडून अंतिम चित्राशी ताडून पाहणे हा या विषयातला सर्वांत उपयोगी सराव आहे, आणि त्यासाठी एक पूर्ण संध्याकाळ राखून ठेवावी. आरंभीच्या अवस्थेत पडलेल्या सैनिकाचा हात सरळ वर उठलेला आहे आणि त्याची मूठ वळलेली आहे, म्हणजे त्या काळी सगळ्या युरोपात ओळखली जाणारी डाव्या चळवळीची सलामी. पुढच्या अवस्थेत त्या मुठीत धान्याची लोंबी येते आणि मागे मोठे सूर्यासारखे वर्तुळ उमटते. त्यानंतर हात, मूठ, लोंबी सगळेच नाहीसे होते आणि सैनिक जमिनीला मिळतो. मध्येच रंगीत कागदाचे तुकडे चिकटवून पाहिले होते, तेही काढले गेले.

मूठ राहिली असती तर प्रेक्षकाने काय वाटून घ्यायचे हे चित्रानेच सांगून टाकले असते. ती गेल्यावर दिलासा देणारी एकही गोष्ट उरत नाही, उरते ते फक्त ते कोमेजण्याच्या बेतातले फूल, आणि त्याला आशेचे प्रतीक म्हणणाऱ्यांशी माझे कधीच जमलेले नाही. ते इतके लहान आहे की आशेपेक्षा पिकासोचा संकोचच त्यात अधिक दिसतो. ही निवड सर्वांना पटली नव्हती. कलासमीक्षक अँथनी ब्लंट यांनी १९३७ सालीच, चित्रातली वेदना खासगी असून ती लोकांपर्यंत पोहोचणार नाही, असा आक्षेप घेतला होता. आक्षेप अगदीच पोकळ नाही. तो मनात ठेवूनच चित्र पुन्हा पाहावे, कारण चित्रावरील भक्ती थोडी सैल झाल्याशिवाय नजर मोकळी होत नाही.

आपण कुठे उभे आहोत

प्रत्येक युद्धचित्र पाहणाऱ्याला कुठेतरी उभे करते: मरणाऱ्याच्या बाजूला, मारणाऱ्याच्या मागे, किंवा सुरक्षित अंतरावरच्या खिडकीत. ही जागा ओळखण्याचा सराव गोयावर करावा. मालिकेतल्या २६व्या चित्राखाली त्याने 'हे पाहवत नाही' असे लिहिले आहे. अंधाऱ्या गुहेसारख्या जागेत काही माणसे कोंडली आहेत. एक पुरुष गुडघ्यावर बसून हात जोडतो आहे, एका बाईने हात पसरून मान मागे टाकली आहे, मुले आहेत. उजव्या कडेने बंदुकींच्या संगिनींची फक्त टोके आत शिरली आहेत. सैनिक चौकटीबाहेर आहेत. पुढच्या क्षणी काय होणार हे आपल्याला कळते आणि थांबवण्यासाठी समोर कोणी दिसतच नाही, त्यामुळे राग कोणावर काढावा हे न कळता तो आपल्याच अंगावर येतो. गोयाच्याच '३ मे १८०८' या मोठ्या तैलचित्रात सैनिक आहेत, पण त्यांच्या पाठी दिसतात, चेहरे नाहीत. पांढऱ्या सदऱ्यातला, हात फैलावलेला माणूस आणि जमिनीवरचा कंदील समोर आहे, आणि आपण उभे आहोत ते गोळ्या झाडणाऱ्यांच्या बाजूला झुकून.

इथे आणखी एक कसोटी लावावी, जी मी तरी सर्वांत कडक मानतो: चित्र स्वतःच्या पक्षाचे क्रौर्य दाखवते का? युद्धात शत्रूचे क्रौर्य दाखवणारी चित्रे सगळीच सरकारे छापतात, आणि तो निव्वळ प्रचार असतो. गोयाच्या मालिकेत दुसऱ्या चित्रात फ्रेंच सैनिक स्पॅनिश माणसांना मारत आहेत आणि तिसऱ्यात एक स्पॅनिश माणूस कुऱ्हाड उगारून फ्रेंच सैनिकाला मारायला निघाला आहे. खाली लिहिले आहे, 'तेच'. स्वतःचा देश आक्रमणाखाली भरडला जात असताना एवढेच लिहिणे सोपे नव्हते. पुढे एका चित्रात गावचा जमावच जमिनीवर पडलेल्या माणसाला बडवताना दिसतो.

जपानमधल्या इरी आणि तोशी मारुकी या दांपत्याच्या कामाला हीच कसोटी लावली तर एक विलक्षण प्रवास दिसतो. हिरोशिमावर बाँब पडल्यानंतर काही दिवसांतच दोघे तेथे पोहोचले होते. पती इरी पारंपरिक शाईचित्रणात तयार झालेले आणि पत्नी तोशी तैलरंगांत. १९५० पासून १९८२ पर्यंत त्यांनी १५ मोठे पट रंगवले, प्रत्येक १.८ मीटर उंच आणि ७.२ मीटर लांब. आरंभीचे पट अमेरिकी ताब्यातल्या जपानमध्ये, अणुबाँबविषयीच्या लेखनावर आणि चित्रांवर निर्बंध असताना, गावोगाव फिरले. त्यांत बाँबच्या ढगाला स्थान नाही, पडलेल्या इमारतींना फारसे नाही. कोऱ्या कागदावर माणसांची शरीरे आहेत. इथवर हे जपानच्या दुःखाचे चित्र आहे. पण १९७१ मध्ये त्यांनी हिरोशिमात मेलेल्या अमेरिकी युद्धकैद्यांचा पट केला आणि १९७२ मध्ये 'कावळे' हा पट. त्यात जपानने मजुरीसाठी आणलेल्या कोरियनांची प्रेते उचलायला कोणी आले नाही आणि त्यांवर कावळे उतरले, याचे चित्रण आहे. १९७५ मध्ये त्यांनी जपानी सैन्याने नानजिंगमध्ये केलेल्या कत्तलीचे चित्र काढले. ज्यांना जगभर बळी म्हणून सहानुभूती मिळत होती, त्यांनी वीस वर्षांनी स्वतःच्या चित्रातून कोण गळले होते हे शोधून ते भरून काढले. माझ्या लेखी या मालिकेचे मोठेपण पहिल्या पटापेक्षा या भरपाईत आहे.

चरित्र किती वाचावे

चित्र पुरेसे पाहून झाल्यावरच चरित्राकडे जावे, पण जावे जरूर. जर्मन चित्रकार केटे कोलविट्झ यांचा धाकटा मुलगा पीटर १९१४ साली अठरा वर्षांचा होता. सैन्यात जाण्यासाठी त्याला वडिलांची संमती हवी होती आणि वडील तयार नव्हते. त्यांचे मन वळवले ते आईने. ऑक्टोबरमध्ये पीटर बेल्जियममध्ये मारला गेला. हे वाचल्यावर १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'युद्ध' या सात लाकूडठशांच्या संचात रणांगण का नाही हे उमगते: युद्ध त्यांच्या घरात शिरले ते संमतीच्या रूपाने. 'स्वयंसेवक' या ठशात तरुण मुले ढोल वाजवणाऱ्या मृत्यूच्या मागे ओढली जातात. 'माता' या ठशात बायकांनी एकमेकींना घट्ट कवटाळून काळा डोंगरच उभा केला आहे आणि त्यांच्या हातांखालून मुलांचे चेहरे डोकावतात.

पीटरसाठी स्मारक करण्याचे त्यांनी १९१४ सालीच मनात घेतले आणि ते पुरे व्हायला १९३२ साल उजाडले. पहिल्या आराखड्यात आडवा पडलेला मुलगा होता आणि आई-वडील त्याच्या डोक्या-पायांशी. पुढे मुलगा काढून टाकला गेला. आज बेल्जियममधल्या व्लाड्सलो येथील जर्मन सैनिकांच्या दफनभूमीत फक्त दोन गुडघे टेकलेली शिल्पे आहेत. वडिलांनी हात स्वतःभोवती आवळून घेतले आहेत, आई पुढे वाकली आहे, आणि दोघे वेगवेगळ्या चौथऱ्यांवर असल्याने एकमेकांना स्पर्श करत नाहीत. पिकासोने मूठ काढली आणि कोलविट्झ यांनी मुलगाच काढला. तुलना करून पाहावी.

कोलविट्झ यांचेच १९२४ चे 'पुन्हा कधीही युद्ध नको' हे भित्तिपत्रक मात्र या निकषांवर मोजू नये. उंचावलेला हात, उघडे तोंड आणि मोठी अक्षरे रस्त्यावरून जाणाऱ्याला दोन क्षणांत गाठण्यासाठी आहेत, आणि ते काम ते चोख करते.

जर्मन चित्रकार ऑटो डिक्सबद्दल थोडक्यात. तो पहिल्या महायुद्धात मशिनगन चालवत होता आणि १९२४ मध्ये त्याने ५० मुद्राचित्रांचा संच काढला. सडलेली प्रेते, विषारी वायूपासून बचावाचे मुखवटे, कवटीतल्या अळ्या. ती पाहताना स्वतःला विचारावे की किळस येते आहे की भयाची चटक लागते आहे. उत्तर दोन्ही असू शकते, आणि तसे असेल तर एका बैठकीत चार-पाचांहून अधिक चित्रे पाहू नयेत.

चित्राचा प्रवास

आता वहीचे नवे पान घ्यावे आणि त्यावर चित्र कोणी मागवले, पैसे कोणी दिले, पहिल्यांदा कुठे लागले, पुढे कोणी हलवले, कोणी झाकले, हे सालवार लिहीत जावे. 'गेर्निका'ची अशी सनावळी त्याच्याविषयीच्या ठरीव कल्पनांना धक्के देते.

पहिला धक्का असा की हे चित्र शांततावाद्याने नव्हे, युद्धात उतरलेल्या सरकारने मागवले होते. फ्रँकोच्या बंडाशी लढणाऱ्या स्पेनच्या प्रजासत्ताक सरकारने जानेवारी १९३७ मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनातल्या आपल्या दालनासाठी पिकासोला भित्तिचित्र करायला सांगितले. हेतू उघड होता: जगाची सहानुभूती आणि मदत मिळवणे. जानेवारी १९३९ मध्ये ते पूर्व लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीत लागले तेव्हा प्रेक्षकांकडून प्रवेशासाठी स्पेनच्या आघाडीवर पाठवण्याजोगे बूट मागितले गेले. बूट सैनिकांसाठी होते. म्हणजे हे चित्र नागरिकांवरील बाँबहल्ल्याविरुद्ध आहे यात शंका नाही, पण 'सर्व युद्धांविरुद्ध' हा शिक्का आपण नंतर मारलेला आहे. तो चुकीचाच आहे असे मी म्हणणार नाही. मूठ पुसून पिकासोने त्याला जागा करून दिली होती. पण शिक्का कधी आणि कोणी मारला हे माहीत असावे.

दुसरी गोष्ट, चित्र साक्षीदार बनले. फ्रँकोच्या बाजूने गेर्निका गाव माघार घेणाऱ्या 'लाल' लोकांनीच जाळले असा प्रचार केला आणि तो वर्षानुवर्षे चालवला. कागदपत्रांपेक्षा एका कॅनव्हासने त्या गावाचे नाव अधिक काळ आणि अधिक दूर जिवंत ठेवले. प्रजासत्ताक हरल्यावर चित्र न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात राहिले. स्पेनमध्ये स्वातंत्र्य परत येईपर्यंत ते तेथे जाऊ नये, अशी पिकासोची अट होती. गंमत अशी की १९६० च्या दशकाच्या अखेरीस फ्रँकोच्या राजवटीनेच ते मागितले. पिकासोने नकार दिला. तो १९७३ मध्ये गेला, फ्रँको १९७५ मध्ये, आणि सप्टेंबर १९८१ मध्ये चित्र माद्रिदला पोहोचून बंदुकीची गोळी न शिरणाऱ्या काचेमागे लागले.

मधल्या काळात ते अमेरिकेतच अमेरिकेविरुद्ध वापरले गेले. व्हिएतनाममधल्या माय लाई येथे १९६८ मध्ये अमेरिकी सैनिकांनी केलेल्या हत्याकांडाच्या छायाचित्रावर आधारलेले एक भित्तिपत्रक कलावंतांच्या गटाने तयार केले होते. संग्रहालयाने त्याला पाठिंबा देऊन मग अंग काढून घेतले. तेव्हा जानेवारी १९७० मध्ये निदर्शक ते भित्तिपत्रक हातात धरून थेट 'गेर्निका'समोर उभे राहिले. जे संग्रहालय एका देशाच्या बाँबहल्ल्याचे चित्र मानाने मिरवते, त्याला दुसऱ्या हत्याकांडाबद्दल बोलायला जड का जाते, हा प्रश्न त्यांनी त्या कृतीतूनच विचारला.

तिसरा टप्पा तर प्रसिद्धच आहे. 'गेर्निका'वरून विणलेला, तपकिरी छटांचा एक पट १९८५ पासून न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघात सुरक्षा परिषदेच्या दारापाशी होता, जेथे मुत्सद्दी पत्रकारांशी बोलतात. इराकवरील कारवाईची चर्चा ऐन भरात असताना, २००३ च्या जानेवारीअखेर, त्यावर निळा पडदा आला, आणि ५ फेब्रुवारीला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी परिषदेत युद्धाची बाजू मांडली. दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांना साधी पार्श्वभूमी हवी होती, असे कारण देण्यात आले. ते खरे मानले तरी, आक्रोश करणारी आई आणि घोडा वक्त्याच्या डोक्यामागे दिसणे बरे नाही हे कोणाच्या तरी लक्षात आले असावे, असे वाटल्यावाचून राहत नाही.

इतर चित्रांचीही अशीच सनावळी करावी. गोयाची मालिका त्याच्या हयातीत प्रसिद्धच झाली नाही. तो १८२८ मध्ये वारला आणि ती १८६३ मध्ये छापली गेली, म्हणजे ज्या युद्धाविषयी ती होती त्यावर तिचा परिणाम शून्य. डिक्सचे 'खंदक' हे मोठे चित्र कोलोनच्या संग्रहालयाने घेतले, त्यावर गदारोळ झाला, ते परत गेले, १९३७ मध्ये नाझींनी ते 'अधःपतित कले'च्या प्रदर्शनात हिणवण्यासाठी टांगले, आणि आज ते कुठेही नाही. कोलविट्झ यांना १९३३ मध्ये प्रशियाच्या कला अकादमीतून बाहेर पडावे लागले.

आपल्याकडची दोन उदाहरणे

युद्धाचे चित्र म्हणजे रणांगणाचे चित्र, हा समज सोडला की आपल्याकडचे मोठे काम दिसू लागते. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्यावर तेथला तांदूळ बंद झाला, आणि जपानी सैन्य आले तर त्याला काही मिळू नये म्हणून ब्रिटिश सरकारने बंगालच्या किनारी भागातल्या होड्या आणि धान्य काढून घेतले. १९४३ च्या दुष्काळामागची इतर कारणेही होती, पण हा दुष्काळ युद्धाचाच होता. चित्रकार चित्तप्रसाद त्या वर्षी मेदिनीपूर जिल्ह्यात पायी हिंडले आणि भुकेल्या माणसांची काळ्या शाईतली रेखाटने त्यांनी केली. त्यांचे 'हंग्री बेंगॉल' हे छोटे पुस्तक निघाले आणि सरकारने त्याच्या प्रती जप्त करून नष्ट केल्या. पुढची अनेक वर्षे ते मुंबईत अंधेरीला राहिले. त्यांची रेखाटने पाहताना बाजूचे हस्ताक्षर चुकवू नये: कित्येक ठिकाणी माणसाचे नाव आणि गाव लिहिलेले आहे. पिकासोने ओळखीच्या सगळ्या खुणा पुसल्या, चित्तप्रसाद यांनी त्या जपल्या. सरकारी हिशेबात जी माणसे 'भूकबळी' या एका शब्दात जमा होणार होती, त्यांना नाव देणे हाच तेथे विरोध होता.

दुसरे उदाहरण नलिनी मलानी यांचे. मे १९९८ मध्ये भारताने पोखरणला आणि पाकिस्तानने चगाईला अणुचाचण्या केल्या आणि दोन्हीकडे रस्त्यांवर मिठाई वाटली गेली. मुंबईत काम करणाऱ्या मलानी यांनी त्यानंतर फाळणीवरच्या मंटोंच्या 'टोबा टेक सिंग' या कथेचे स्मरण करणारी दृश्यमांडणी केली आणि ती मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तु संग्रहालयात, मांडली. निर्वासितांच्या पत्र्याच्या ट्रंका उघड्या ठेवलेल्या आणि त्यांत चालू व्हिडिओचे पडदे. समोरासमोरच्या भिंतींवर दोन स्त्रिया, मधले अंतर ओलांडून एक साडी घडी घालू पाहणाऱ्या. अशा कामात प्रेक्षक चित्रासमोर उभा राहत नाही, तो त्याच्या आत चालतो. म्हणून मघाचा 'आपण कुठे उभे आहोत' हा प्रश्न इथे शब्दशः विचारता येतो.

गटाने पाहायचे असेल तर

वर्गात किंवा वाचनगटात हे करायचे असल्यास डिक्सपासून सुरुवात करू नये. मुले एकतर हसतात किंवा मिटतात. कोलविट्झ यांचा 'माता' हा ठसा आधी दाखवावा, नाव न सांगता, आणि दहा मिनिटे प्रत्येकाला फक्त यादी लिहू द्यावी. मग गोयाची दुसरी आणि तिसरी मुद्राचित्रे शेजारी शेजारी ठेवावीत. 'गेर्निका' तिसऱ्या बैठकीपर्यंत राखून ठेवावे आणि ते डोरा मार यांच्या छायाचित्रांपासून सुरू करून अंतिम चित्रापाशी आणावे. 'तुम्हाला काय वाटले?' हा प्रश्न पहिल्यांदा विचारला की सगळे 'वाईट वाटले' म्हणतात आणि चर्चा तेथेच संपते; त्याऐवजी 'या चित्रात तुम्ही कुठे उभे आहात?' असे विचारावे. एखादा मुलगा 'मी संगिनीच्या बाजूला आहे' असे म्हणाला तर त्याला दुरुस्त करू नये, कागदावर ती जागा दाखवायला सांगावी.

माद्रिदला जाणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची सूचना. २०२३ पासून 'गेर्निका'चे छायाचित्र घेण्यास परवानगी आहे, त्यामुळे समोर फोन उंचावलेले हात कायम असतात. आधी डाव्या टोकापाशी, आईच्या बाजूला, भिंतीलगत जावे. तेथे गर्दी कमी असते आणि पक्षी तेथूनच सापडतो.